लाल ठिपका आणि साठपट दुर्बीण

१२ एप्रिल, शनिवार

लाल. अख्ख्या खोऱ्यासमोर लाल!

खाणावळीच्या मोठ्या दालनात गेल्या हंगामातल्या शिकारीची सगळी शिंगं टांगलेली; कवटीसकट जोडी, तिलाच आम्ही शिंग म्हणतो. खाली नावाची चिठ्ठी, वर ठिपका. म्हातारा रानबोकड मारला तर हिरवा. कोवळा मारला तर लाल. एकशे चाळीस शिंगांत तीनच लाल, आणि त्यातलं एक माझं! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

सेराफिन म्हणजे आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख, ऐंशीचा. भिंग लावून म्हणाला, "सहा वर्षांचा होता रे, रोमेद. भर ज्वानीत गेला बिचारा."

"अकरा कडी होती. हातात धरून मोजली मी."

"मग आत्ताही हातात धर."

धरलं. वर्षाला एक कडं, सरळ हिशेब. सहा. पुन्हा मोजली. सहाच. शेजारी माझ्या मेव्हण्याचं, काशियानचं शिंग. अकरा कडी, हिरवा ठिपका. तो मिशीत हसत म्हणाला, "काय दाजी, डोळे गेले की दुर्बीण?" सगळे खिदळले. सेराफिनसुद्धा!

तीन नोव्हेंबरला सेराफिन पद सोडतोय. पुढचा प्रमुख मी, हे गावातल्या गाईंनासुद्धा ठाऊक होतं. पण लाल ठिपकेवाल्याला वर्षभर पद नाही. म्हणजे आता कोण? काशियान!

१३ एप्रिल

झोप नाही. तो ऑक्टोबरचा दिवस पुन्हा पुन्हा आठवतोय. डोंगराचा एकच कडा, मी या टोकाला, काशियान त्या टोकाला. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन गोळ्या. पाऊस असा की नाकासमोरचं दिसेना. माझा बोकड गडगडत खाली आला, डावं शिंग खडकावर खणकन आपटलं. मी अंगठ्याच्या नखाने कडी मोजली. अकरा. शिकार साधल्याची खूण म्हणून टोपीत हिरवी डहाळी खोचली आणि घरी येऊन चार दिवस तापाने फणफणलो.

अंगठासुद्धा खोटं बोलतो का?

१५ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणाल्या, "डोळे तिशीतल्या माणसाचे आहेत तुमचे." वा! म्हणजे दोष काचेचा.

२ मे

इन्सब्रुकला, शहरातल्या दुर्बिणींच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाई शांत. "कशासाठी हवी?"

"वय कळायला."

"कुणाचं?"

"बोकडाचं!"

त्यांनी आठपटीची दुर्बीण काढली. म्हणाल्या, हीच घ्या, हात स्थिर राहतो, संध्याकाळच्या उजेडातही दिसतं. मी म्हटलं दहापट द्या. म्हणाल्या, दहापटीत हाताचं कापणंही दहापट होतं. मी म्हटलं, माझा हात कापत नाही. त्यांनी माझ्या हातातल्या कॉफीच्या कपाकडे पाहिलं. बशी वाजत होती. दोन्ही घेतल्या!

३ मे

पारखायला काहीतरी ठरलेलं निशाण हवं. चर्चचं घड्याळ उपयोगाचं नाही, वेळ आधीच माहीत असते. मग समोर काय? ओढ्यापलीकडे काशियानचं घर. अंतर मोजलं, चारशे दहा मीटर. उत्तम.

आठपट: खिडकीतली लाल फुलं. दहापट: तीच फुलं, भूकंपात.

बुर्गल म्हणाली, "अहो, माझ्या भावाच्या घरात काय डोकावताय?" डोकावत नाही म्हटलं, पारखतोय. "मग त्याच्या बायकोने वाळत घातलेले कपडेही पारखले असतील!" या बाईला शास्त्र कळत नाही.

२१ जून

बंदुकीवरची जुनी सहापटीची दुर्बीण काढली. वडिलांची होती. तिच्या जागी चोवीसपटीची बसवली, भिंग पेल्याच्या तळाएवढं. काशियान म्हणायचा, सहापटीवर माणसाने आयुष्य काढावं. म्हणूनच चोवीस!

५ जुलै

नवीन दुर्बीण घेऊन कड्यावर गेलो. मारायला नाही, नुसतं बघायला. एवढं मोठं दाखवते की बोकड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. वीस मिनिटं शिंगाची कडी मोजली. नऊ भरली. मग कळलं, तो खडक आहे. बोकड त्याच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता.

१० ऑगस्ट

घरात रणकंदन. बुर्गल जर्दाळूचा मुरंबा करायला बसली आणि तांब्याच्या मोठ्या पातेल्याला वास येतोय म्हणून माझ्यावर खेकसली. "तुमची ती बोकडांची मुंडकी उकळून साफ करायला माझंच पातेलं सापडतं!" आता त्याला दहा महिने झाले की! मुरंबा चाखला. छान होता. शिकारीचा किंचित वास येतो, पण मी बोललो नाही.

१९ ऑगस्ट

आज खाणावळीत काशियान माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "दाजी, शनिवारी निदान मोजे तरी एका रंगाचे घालत जा."

शनिवारी मी घराबाहेर पडलोच नव्हतो!

२० ऑगस्ट

पहाटेपासून दहापट लावून बसलो. सात वाजता समोरच्या खिडकीत लखकन चमकलं. काच! त्याच्याकडेही आहे! तो मला बघत होता, मी त्याला. दोघंही कितीतरी वेळ हललो नाही. शेवटी हात भरून आला म्हणून मी दुर्बीण खाली घेतली. त्यानेही घेतली. पडदा ओढला. त्यानेही ओढला.

२३ ऑगस्ट

पडदे ओढलेले असले की कुणालाच पारख करता येत नाही. मोठी पंचाईत. शब्दही न बोलता तह झालाय: सकाळ माझी, संध्याकाळ त्याची. संध्याकाळी मी आता चांगला सदरा घालून बसतो.

बुर्गल म्हणाली, "दोघांना एकाच इस्पितळात ठेवायला हवं. समोरासमोरच्या खोल्यांत."

१८ ऑक्टोबर

इन्सब्रुक, तिसरी फेरी. दुकानातल्या बाईंनी मला पाहिलं आणि न विचारता तिपाईवरची मोठी दुर्बीण काढली. एका डोळ्याने बघायची, वीसपासून साठपट. म्हणाल्या, "याच्यापुढे आता आमच्याकडे फक्त चंद्र बघायच्या आहेत." किंमत एका दुभत्या गाईएवढी. बुर्गलला सांगितलं, तिपाई फुकट मिळाली. ते खरं आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज सणाचा दिवस. कबरींवर दिवे लावायला जायच्या आधी काशियानच्या बायकोने गाद्यागिरद्या झटकायला खिडकी सताड उघडली. थंड, कोरडी हवा. ऊन सरळ आत. मी साठपट लावली. भिंत दिसली, भिंतीवरचं शिंग दिसलं, त्याचं ते मिरवायचं शिंग.

डाव्या बाजूचं टोक उडालेलं. खडकावर खणकन आपटलं होतं तेच!

कडी मोजली. अकरा. तीनदा मोजली. मग मागे वळून आपल्या भिंतीवरचं बघितलं. दोन्ही टोकं शाबूत. सहा.

ते शिंग माझं आहे. माझं! चोर. मेव्हणा कसला, चोर! त्याने चिठ्ठ्या बदलल्या. वर्षभर तोंड वर करून हिंडला, मला डोळे तपासायला लावले, गाय विकल्यासारखा पैसा ओतायला लावला आणि परवा प्रमुख होणार!

परवा सभेतच दाखवतो. दुर्बीण खाणावळीच्या अंगणात लावीन. तिथूनही त्याची खिडकी दिसते. एकेकाला बोलावीन. आधी सेराफिन.

२ नोव्हेंबर

बुर्गलला सगळं सांगितलं. तिने बटाटे सोलायचं थांबवलं. म्हणाली, "अहो, बसा." मी बसलो नाही. "बसा म्हटलं ना!"

मग म्हणाली, "त्याने नाही केलं. मी केलं."

"तुम्ही तापाने पडलेले. काशियान दोन्ही मुंडकी परसात टाकून गेला. दोन्ही एकाच पातेल्यात उकळली. चिठ्ठ्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या, दोरा सुटला, चिठ्ठ्या पाण्यात. वर काढल्या तेव्हा मला काय कळणार कुठलं कुणाचं? मोठं वाटलं ते दादाला दिलं. त्याला काहीच ठाऊक नाही."

"आणि एप्रिलपासून गप्प बसलीस?"

"प्रदर्शनात तुमचं तोंड बघितलं आणि माझी जीभच उचलली नाही. मग तुम्ही दुर्बीण आणलीत. म्हटलं, हिच्याने समाधान होईल. मग दुसरी आणलीत. मग सांगायचं कसं? जितक्या जास्त आणल्यात तितकं सांगणं अवघड झालं."

ती रडायला लागली. चाळीस वर्षांत तिला दोनदाच रडताना पाहिलंय. मी उरलेले बटाटे सोलले. नीट दिसत नव्हते, तिशीतले डोळे असून.

३ नोव्हेंबर

सभा भरली. पातेल्याची गोष्ट ऐकली असती तर सगळं खोरं बुर्गलला मरेपर्यंत मुंडकी आणि मुरंबा यावरून चिडवत राहिलं असतं. मला पक्कं माहीत आहे, मीही चिडवलं असतं.

सेराफिन म्हणाला, "काशियानच्या नावाला कुणाची हरकत?"

मी उभा राहिलो. कोपऱ्यात बुर्गल पांढरीफटक. सगळ्यांच्या माना वळल्या.

"साठपटीची दुर्बीण विकायची आहे," मी म्हटलं. "तिपाई फुकट."

हशा पिकला. काशियान प्रमुख झाला. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या, दोनच.

४ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर डाव्या टोकाचा टवका उडालेलं शिंग. चिठ्ठी नाही, काही नाही. आत येऊन पाहिलं, तर आपल्या भिंतीवर नुसता खिळा! दार आमचं कधी बंद नसतं. साठपट लावली. समोर काशियानच्या भिंतीवर सहा कड्यांचं शिंग, लाल ठिपक्यासकट. खाली काशियान, डोळ्याला दुर्बीण. म्हणजे तोही आमची भिंत मोजत होता! त्याने टोपी काढली. मीही काढली.

प्रमुखपद मात्र ठेवलं हरामखोराने.