गच्चीवरचा सिनेमा आणि सात नंबर

२७ जानेवारी २०२५, सोमवार
पूर्वीचा कॅनडाहून फोन. दोन मिनिटं, त्यात दीड मिनिट भांडण. म्हणाली, पप्पा, चाळीत दहा खोल्या, वीस वर्षं भाडेकरू, त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा. मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

काल्हेरमध्ये या भैया लोकांना माझ्याइतकं जवळून ओळखणारा दुसरा कोणी नाही. नावं कशाला पाहिजेत, खोल्यांना नंबर आहेत की. पण मुलीनं असा फोन ठेवला की जेवण जात नाही.

संकल्प: चाळीच्या गच्चीवर ‘स्थलांतरितांचा सिनेमा’. घर सोडून गेलेल्या माणसांचे तीन सिनेमे आणि नंतर चर्चा. चर्चेत भाडेकरू माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलतील, रूपा व्हिडिओ काढेल, तो पूर्वीला पाठवायचा. बायको म्हणून एवढं तिला जमावं.

२ फेब्रुवारी, रविवार
पडदा, प्रोजेक्टर, पन्नास खुर्च्या. प्रेक्षक सात: मी, रूपा, चाळीची देखभाल करणारा विठू आणि वड्यांसाठी आलेले गावातले चार रिकामटेकडे. सिनेमा बोटीतून परक्या देशात गेलेल्या शिंप्याचा होता. चर्चेत त्या चौघांतल्या हिरामणभाऊंनी बाहेरच्यांनी गावाची कशी वाट लावली ते अर्धा तास सांगितलं. बाहेरचा एकही हजर नसल्यामुळे चर्चा खेळीमेळीत झाली.

खुर्च्या उचलताना विठू म्हणाला, “शेठ, रविवारी कारखान्यातले लूम चालूच र्‍हातात. कामगारांची सुट्टी शुक्रवारी हाय.”

मला माहीत होतं. आजची ट्रायल होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
गच्ची हाऊसफुल्ल. सिनेमा संपल्यावरच नळाला पाणी सोडणार, असं विठूकडून जाहीर केलं होतं. अशा लोकांना संस्कृतीकडे थोडं ढकलावं लागतं. सगळे बादल्या मांडीत घेऊन बसले होते.

नंतर मी माईकवरून विचारलं, आप लोगों को यहाँ कैसा लगता है? शेवटी सात नंबरचा एक चष्मेवाला उठला. माझ्या अंगावर काटा आला, म्हटलं आता बोलणार. म्हणाला, “सेठ, पानी छोड़ दें?”

रूपाच्या व्हिडिओत नुसत्या बादल्या. भावना नसलेल्या लोकांत काम करणं सोपं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
रूपाकडून पूर्वीला सगळं कळलं. तिनं स्वतः मोबाइलवर आठ मिनिटांची फिल्म काढून पाठवली, तिच्या तिकडच्या राहण्याची. शुक्रवारी हीच दाखवा म्हणाली. मुलगी वळली. आता या लोकांना कळेल, बाहेर जाऊन माणसानं कसं राहावं ते. ती बंगल्यात राहते, हे मी शेजारच्या दापोड्यापर्यंत सांगितलेलं आहेच. आधी पाहिली नाही. आपल्याच मुलीची फिल्म तपासायची काय?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बंगलाच होता. ती तळघरात राहते.

सहा मुली, तीन गाद्या. रात्रपाळीवाल्या आल्या की दिवसपाळीवाल्या उठतात. दारावर घरमालकाचे छापील नियम: गरम पाणी अर्धा तास, पाहुणे नाहीत, एका खोलीत तिघीच. कॅमेरा त्या कागदावरून हलेना. मागून कोणीतरी हसलं, मग अख्खी गच्ची हसली. एकानं आमच्या जिन्यातली पाटी तोंडपाठ म्हणून दाखवली: नियम एक, पानी आधा घंटा. हिरामणभाऊंनी मला विचारलं, बंगला पुढच्या भागात आहे का?

मग पूर्वी दिसली. स्वेटरवर स्वेटर घालून भात ढवळत होती. हसणं थांबलं. मी चर्चा रद्द करायला उठलो, तर चष्मेवाला आधीच उभा. म्हणाला, “पूर्वी बिटिया को बहुत ठंड लगती होगी, सेठ. छोटी थी तो हमारी सीढ़ी पे बैठ के पढ़ती थी. गाँव से सरसों का तेल आया है, भेज दीजिए. पैर में लगाएगी.”

शेठ माणसानं नाव घेऊन आभार मानायला हवे होते. माईक हातात, सगळे बघतायत. मी म्हटलं, थँक्यू, सात नंबर.

या वेळी कोणी हसलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रूपानं मला न विचारता कालचा व्हिडिओ पाठवला. पूर्वीचं उत्तर एका ओळीचं: पप्पा, त्या काकांचं नाव काय?

दुपारी सात नंबरवर गेलो. तिघे झोपलेले. एकानं डोळा उघडला. चष्मेवाल्याचं नाव विचारलं, तर म्हणाला, “कौन सा चश्मेवाला सेठ? यहाँ छह आदमी रहते हैं, दो चश्मेवाले हैं. दोनों ड्यूटी पे.” आणि कूस बदलली. नियम चार, एका खोलीत तिघेच, याचा विषय मी काढला नाही. दाराशी कोल्ड्रिंकच्या बाटलीत तेल भरून ठेवलेलं, वर चिठ्ठी: पूर्वी बिटिया.

ती कुरियरच्या दुकानात नेली. कुरियरवाल्यानं फॉर्म पुढे केला. पहिलाच रकाना, पाठवणाऱ्याचे नाव. माझं लिहायला पेन टेकवलं होतं. बाटली घेऊन परत आलो.

शिफ्ट आठला सुटते. जिन्यात पाटीखाली बसलो आहे.