शटरवरचे दोन शब्द

मी, खाली सही करणारी, कर्णे, माईक आणि खुर्च्या भाड्याने देणारी, लोकांच्या तोंडी 'कर्णेवाल्या बाई', हे स्वखुशीने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्यांना शंका असेल तर पुन्हा माझ्याशी वाद घालून बघावा. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात जावयाला स्कूटर दिली होती, ती त्याने माझ्या देखत ठोकली.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीची. जावयाने घरात सुखाने राहावं, सल्ले देऊ नयेत.

२. शिडी. ती शेजारच्या टेलरकडे आहे. मागून मागून माझी जीभ झिजली. आता ती त्यालाच दिली असती, पण तो पहिला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असं वकीलबाई सांगतात. तेव्हा शिडी मुलीची.

३. यजमानांची रेडिओ दुरुस्तीची हत्यारं नणंदेला. यावरून आमचा कितीतरी वर्षं अबोला होता. घे बाई, तो तुझा भाऊही होता. बंडाच्या काळात डोंगरातल्या लोकांनी छपरावरची रेडिओची तार बघितली आणि ठरवलं, हा सरकारला बातम्या पुरवतो. तो बिचारा गाणी ऐकायचा. त्याला घरातून नेलं, मारलं आणि दुकानाच्या शटरवर लाल रंगात लिहिलं, 'खबऱ्या'. मी ते पुसलं नाही. ज्याने लिहिलं त्यानेच निस्तरावं, असा माझा हट्ट होता.

४. कर्णे, माईक, अ‍ॅम्प्लिफायर आणि खुर्च्या भाचीला. सामान कुठल्याही पक्षाला द्यावं, पण बटणावर हात आपला असावा. का, ते सांगते. बंड मिटलं, डोंगरातल्यांनी पक्ष काढला आणि त्यांचा कमांडर उमेदवार म्हणून सभेला उभा राहिला. माईक माझाच. म्हणाला, "त्या काळात काही माणसं गेली. चुका झाल्या." मी बटण बंद केलं.

"लाईट गेली का?" त्याने विचारलं.

"लाईट आहे," मी खालून ओरडले. "माणसं गेली नाहीत, तुम्ही नेलीत. चुका झाल्या नाहीत, केल्यात. नीट बोला, मग लावते."

तो तसाच खाली उतरला. निवडणुकीत पडला.

पुढच्या निवडणुकीआधी मागच्या दाराने आला, एकटाच. चहा घेतला आणि म्हणाला, "बाई, आम्हाला चुकीचं कळलं होतं."

"पुन्हा तेच, 'कळलं होतं'?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी चौकशी केली नाही. मारायला मी सांगितलं."

"हे मला नको, माईकवर सांगा."

त्याने भर सभेत सांगितलं. न्यायालयातही तेच सांगितलं, शिक्षा भोगली आणि सुटून परत उभा राहिला आहे. सभेच्या त्या रात्री मी नवरा गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले. माफ केलं का, असं लोक विचारतात. ते माझं मला ठाऊक. मत कुणाला दिलं, तेही सांगणार नाही.

भाचीने हाच नियम सरकारी माणसांनाही लावावा. 'झालं' म्हणाले की बटण बंद.

५. दुकान आणि शटरही भाचीला. शटर बदलू नये, रंगवू नये. सुटून आल्यावर तो रंगाचा डबा घेऊन आला होता, पुसून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, "पुसायचं नाही. पुढे लिहा." त्याने लिहिलं, 'नव्हता'. अक्षरं पुसट होतील तेव्हा ती त्यानेच गिरवावीत. त्याला मिळणार काही नाही, काम तेवढं आहे.

एकच गोष्ट राहिली. पहिला शब्द कुणी लिहिला, असं विचारलं की तो अजून म्हणतो, "लिहिला गेला, बाई." मला अक्षर ओळखता येतं. दुसरा साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावलं आहे. सहीच्या जागी दोन ओळी जास्त सोडल्या आहेत.

बाकी माझी कशाबद्दल तक्रार नाही. दिवस चांगले गेले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: निकालाच्या आदल्या दिवशी, म्हणजे कुणी म्हणायला नको की जिंकलेल्याला घाबरले.

सही: कर्णेवाल्या बाई

साक्षीदार पहिला: शेजारचा टेलर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. शिडी उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरा: पूर्वीचा कमांडर, आताचा उमेदवार. बाईंनी माझ्यासमोर सही केली. शटरवरचे दोन्ही शब्द मी लिहिले.