न चाखलेली आंबापोळी

प्रिय अक्का,

आज अक्षय्य तृतीया, तू गेल्यानंतरची पहिली. पंधरवड्यापूर्वीच माझ्या घरून, मळमड्डीहून, तुझ्या गावी येऊन राहिले आहे. थोड्या वेळानं तुझं पान वाढायचं आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायला हवी. तसबिरीसमोर उभी राहून बोलायचं धाडस होईना, म्हणून लिहिते.

भावोजी गेले त्यानंतरचा उन्हाळा आठवतो? हुबळीचा एक व्यापारी आंबापोळी आफ्रिकेला पाठवायचा. तू त्याला गाठलंस आणि जंगलातून मोळ्या आणून विकणाऱ्या बायकांना अंगणात बसवलंस. झाडाखाली सडून जाणारा आंबा विकू, डोक्यावरची मोळी उतरवू, असं त्यांना सांगत होतीस. काय हुरूप होता तुझा!

पण त्याला नमुना तृतीयेच्या आत हवा होता. आणि आपल्याकडे तृतीयेला पितरांच्या पानावर वाढल्याशिवाय आंबा कुणी तोंडात घालत नाही. त्या वर्षी तर ते पान भावोजींचं होतं. रस काढला, साखर घातली, तुपाचा हात लावलेल्या ताटांत पसरून वाळवला, सगळं अंदाजानं. त्या मोळीवाल्या बायकांतली बागव्वा ताटावर वाकून म्हणाली, "अक्का, स्वल्प नोडलेनु? नुसती जीभ लावून बघते."

"आधी यांच्या पानावर, बागव्वा. मग आपण," तू म्हणालीस.

तिच्या घरी असला नेम नव्हता. तरी तुझ्याकडे बघून तिनं हात मागे घेतला. आमच्यापैकीही कुणी चाखलं नाही.

रस वाळेपर्यंत आंबला होता. पोळी दिसायला मात्र सुरेख! व्यापाऱ्यानं तुकडा तोंडात टाकला, बाहेर जाऊन थुंकला आणि आपल्याला कोकणातलाच माल बरा म्हणाला.

मला राग त्या दिवसाचा नाही गं. तृतीयेनंतर आंबा ऐन भरात होता, मग पुन्हा ताटं का नाही घातलीस? यांच्याच मनात नव्हतं म्हणालीस आणि ताटं माळ्यावर टाकलीस. जन्मभर तुझ्या हातचं मिटक्या मारत खाणारा माणूस आडवा येईल कशाला? मी किती विनवलं तुला! मग लढाई आली, बोटी बंद झाल्या. बागव्वाची मोळी काही उतरली नाही, तिची मान आता सरळ होत नाही. ती दारावरून जायला लागली की तू आत निघून जायचीस. एवढी वर्षं स्वतःला का जाळलंस, अक्का?

यंदा बोटी पुन्हा सुटू लागल्यात. हुबळीचा दुसरा एक व्यापारी उद्या नमुना बघणार आहे. ताटं मी माळ्यावरून काढली, त्याच बायकांना बोलावलं.

आता सांगायचं ते सांगते. आम्ही चाखलं. तृतीयेच्या आधी, तुझ्या पानाच्या आधी. बागव्वानं तुझ्या तसबिरीकडे पाठ केली, बोट चाटलं आणि म्हणाली, "हुळी ऐति." आंबट होता. तो रस टाकून दुसरा काढला. तोही तिनं चाखला, मग मी. त्याची पोळी गोड झाली आहे, आणि तू ती खाल्ली नाहीस याचं फार वाईट वाटतं.

तुझ्या पानावर तीच वाढणार आहे. बागव्वाच्या आणि माझ्या तोंडची उष्टी आहे, रागावू नकोस. एवढं वचन देते: या अंगणातली न चाखलेली पोळी बोटीवरही जाणार नाही आणि तुझ्या पानावरही येणार नाही.

तुझी धाकटी,
कृष्णी