बारशाला मागच्या दारानं

रविवार, दिवेलागण

मैंदर्गीला घरी परतून तास झाला, तरी डोकं तापलेलंच आहे. भावाच्या लेकीचं बारसं, तेही सोलापूरच्या त्या मोठ्या हॉटेलात! मी एसटीनं गेले, सात रस्ता चौकातून शेअर रिक्षा. रिक्षावाल्यानं फाटकाबाहेरच सोडलं. हातात बाळंतविड्याची पिशवी घेऊन चालत आत शिरले, तर वॉचमन म्हणतो, "मावशी, कामाच्या बायका मागच्या दारानं." मागच्या दारानं! ओल्या फरशीपुसण्यांमधून वाट काढत हॉलमध्ये पोचले.

भावाला सांगितलं तर तो नुसता हसला. भावजय मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, गाडी करून यायचं की. माझ्या माहेरची माणसं बघतायत."

बरं. पण नाव ठेवायला आत्याच लागते ना? "शनाया म्हणा हं," तिनं दोनदा बजावलं. आईचं नाव ठेवू या म्हटलं होतं मी, तर म्हणाली होती, "सासू गेली तरी तिचंच नाव ऐकत बसू का?"

पाळण्यावर वाकले. बाळाच्या कानात हळूच म्हटलं, "भागीरथी." मग ताठ उभी राहून मोठ्यानं, "शनाया!" रीतीप्रमाणे बायकांनी पाठीत धपाटे घातले, भावजयीनं जरा जोरातच.

परतताना पुढच्याच दारानं निघाले. त्याच वॉचमनला रिक्षा थांबवायला लावली.

आता मारू दे भावजयीला शनाया म्हणून हाका. पोरीच्या कानात पहिली शिरली ती भावजयीची सासूच. आणि तीही मागच्या दारानं.