तेविसावं कोडं

२९ एप्रिल, मंगळवार

चौतीस-चौतीस!

बुद्धिबळाच्या चाळीस कोड्यांची परीक्षा, त्यात स्वप्नालीची चौतीस बरोबर आणि त्या सत्यमची पण चौतीसच. पुण्याच्या संस्थेत बीड जिल्ह्याला जागा एकच. वर्षभर राहणं-खाणं-शिकणं फुकट, पुढं तिथंच पोरांना बुद्धिबळ शिकवायची नोकरी. भीमाशंकर सरांनी निकाल वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबरी आहे. अकरा मेला, रविवारी दोघांनी समोरासमोर दोन डाव खेळायचे. जिंकेल तो जाईल."

संपलं! पटावर बसला की सत्यम राक्षस आहे. रेटिंग अठराशेच्या वर. तिचं कसंबसं सोळाशेला टेकलेलं. कोडी सोडवण्यात तिचा हात अख्ख्या अंबाजोगाईत कुणी धरू शकत नाही, पण समोर माणूस आणि बाजूला घड्याळ आलं की — नाही. तो तिला खाऊन टाकणार. आणि तिच्या वडिलांनी सांगून ठेवलंय, जागा मिळाली तर खुशाल जा, न्हाई तर घाटनांदूरच्या दुकानात साड्या दाखवत बस.

ती पुण्याला गेली तर मला दिसणार नाही. तरी जावी. साड्यांच्या ढिगात ती बसलेली मला बघवणार नाही.

"जिंकेल तो." तो! सरांच्या तोंडातूनच निघालं.

३० एप्रिल

सरांचा राग जातच नाही. जुना राग आहे.

मागच्या ऑगस्टला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून आलो. भर वर्गात डिपार्टमेंटच्या हेडला म्हटलं होतं, "तुम्हाला तरी येतं का हे?" त्यानंतर तिथं राहण्यात काय मजा! आल्यावर सोमेश्वर काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागलो. तिसऱ्या दिवशी सर आले आणि काकासमोर म्हणाले, "पटावर पण हा असाच उठतो. डाव शिल्लक असताना."

काका खो खो हसला. मी विसरलो नाही.

आणि तरी कोडी तपासायला मीच! सर अजून वहीत रबरी शिक्क्यांनी पट छापतात. घोड्याचा शिक्का, उंटाचा शिक्का, निळी शाई, काळी शाई. तो पट मी लॅपटॉपवर मांडायचा, इंजिनला — म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमला — विचार करायला लावायचं, सरांचं उत्तर आणि इंजिनचं उत्तर एकच येतंय का बघायचं. दुसरं उत्तर निघालं की कोडं बाद. चाळीसही तपासली. शेवटच्या पानावर सही माझी. बदल्यात सरांच्या घरी जानकीबाई काकूंच्या हातचा चहा — तोही अर्धा कप.

२ मे

सत्यम दुकानात आला. आधारची झेरॉक्स पाहिजे म्हणे. सगळ्या गावात याला आमचंच दुकान सापडलं!

"काय बे बशा, तोंड कावून उतरलंय?"

"किती कॉप्या?"

"दोन. तुझ्या मॅडमला सांग, पहिल्या डावाला मला पांढरं आलंय. लई वेळ न्हाई लावणार. ऊन चढायच्या आत घरी पाठवतो."

प्रिंटरचा ट्रे उपसला होता मी. काकानं मनगट धरलं. "गिऱ्हाईक हाय ते, बशा! दुकानाबाहेर काय करायचं ते कर." सत्यम कॉप्या फुंकत फुंकत गेला. जाताना पायरीवर थांबून म्हणतो, "तुला पण बोलावलंय का रविवारी? रुमाल धरायला?"

स्वप्नालीला चार मेसेज टाकले. एकच टिक. फोन बंद ठेवलाय तिनं. रडत असेल.

३ मे

सुचलं!

सरांचं एखादं उत्तर चुकलेलं असणार. चाळीसपैकी एक तरी! कोडी कधीची — इंजिन कुणाच्या स्वप्नात नव्हतं तेव्हाची. एक उत्तर चुकलेलं निघालं की तिचा एक मार्क वाढतो. पस्तीस. मग डाव नाही, घड्याळ नाही, सत्यम नाही.

मीच तपासली होती, खरंय. पण तेव्हा दुकानात सातबाराची रांग लागलेली. कोण किती वरचढ ते सांगणारा इंजिनचा आकडा पांढऱ्याच्या बाजूनं झुकला की टिक मारायची आणि पुढचं. एकेकाला दोन मिनिटं पण दिली नसतील. हे इंजिन विचित्र आहे. आधी एक चाल दाखवतं, दहा मिनिटांनी मत बदलतं, अर्ध्या तासानं पुन्हा. आता एकेका कोड्याला तास देणार.

५ मे

लॅपटॉप तव्यासारखा तापतो. खाली पालथी परात ठेवलीय, परातीवर ओलं फडकं. दुपारी लाईट गेली, सोळावं कोडं अर्ध्यात मेलं. पुन्हा पहिल्यापासून.

काका म्हणतो, "परीक्षा झाली ना बे? आता कुणाचं पाप धुतोस?"

"सरांचं."

"सर लई साधा माणूस हाय."

साधा! साधी माणसंच जास्त नुकसान करतात. कुणी त्यांना विचारत नाही म्हणून.

६ मे

बावीस झाली. एक चूक नाही. थेरड्यानं इंजिन नसताना हे काढलं कसं?

७ मे, बुधवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

तेविसावं. सरांचं उत्तर — हत्ती एच-सातवर मारून बळी द्यायचा, काळा राजा उघड्यावर, चार चालीत मात. दिसायला झकास. इंजिनही सुरुवातीला तेच म्हणतं, म्हणून मी तेव्हा टिक मारली. पण पंचवीस मिनिटांनी आकडा पडायला लागला. तीन, दोन, एक — शून्य! काळ्याचा घोडा मागं येतो, मात अडते, आणि मग काळा वजीर पांढऱ्या राजाला शह देतच राहतो. डाव बरोबरीत.

जिंकायची चाल वेगळीच आहे. राजा एच-एक. काही मारायचं नाही, शह द्यायचा नाही. राजा नुसता एक घर बाजूला. आता शह लागत नाहीत, काळ्याकडं खेळायला काही उरत नाही, आणि हत्ती मग द्यायचा. तासभर आकडा हलला नाही.

आणि मला आठवलं! परीक्षेहून निघताना ती कुणाला तरी सांगत होती, "तेविसाव्याला माझी वीस मिनिटं गेली." मी मागंच उभा होतो. वीस मिनिटं लावणारी पोरगी ते भोळं उत्तर लिहील? तिला राजा एच-एक दिसलंच असणार! खरं लिहिलं आणि म्हाताऱ्यानं लाल फुली मारली.

८ मे

सरांच्या घरी गेलो. चपला काढल्या नाहीत. लॅपटॉप त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. जानकीबाई काकू भाकरी वाढत होत्या. म्हणाल्या, "अरे, बस तरी आधी."

"बसायला न्हाई आलो. सर, तेविसाव्याचं उत्तर चुकलंय तुमचं."

सरांनी हात धुतला. आकडे येत राहिले, ते बघत राहिले. अर्धा तास. काकूंनी भाकरी झाकून ठेवली.

"हा माझा डाव आहे," सर म्हणाले. "परळीच्या स्पर्धेतला. मी हत्ती दिला होता. समोरचा घाबरला, चुकला, मी जिंकलो. तीस वर्षं वर्गात शिकवतोय."

"तीस वर्षं चुकीचं शिकवलंत मग."

"हो, बसवेश. तसंच झालं."

मी भांडायला गेलतो, आणि हा माणूस हो म्हणतो! अजून चिडलो. म्हटलं, पेपर उघडा, सगळ्यांसमोर उघडा, मार्क बदला.

"उघडतो. पण आधी दोघांना घरी बोलावून सांगतो. ग्रुपवर टाकू नकोस."

"कावून? इज्जत जाते का?"

"माझी गेली तर जाऊ दे. कुणी काय लिहिलंय, ते तू बघितलेलं नाहीस. स्वप्नाली माझ्याकडे नऊ वर्षं शिकलीय."

"नऊ वर्षं शिकली, म्हणून तिलाच बुडवायचं?"

सरांनी लॅपटॉप मिटून माझ्याकडं सरकवला. मला कळलं — वेळ काढतायत. रविवार उलटू द्यायचा आणि मग वही गुंडाळायची! घरी पोचायच्या आत, बसस्टँडवरच उभा राहून पालकांच्या ग्रुपवर टाकलं सगळं. इंजिनचे फोटो, सरांच्या वहीचा फोटो. वर लिहिलं, 'जिल्ह्याच्या परीक्षेत चुकीचे उत्तर! गुण बदला, नाहीतर तक्रार पुण्याला.' त्रेसष्ट जण आहेत ग्रुपवर. दहा मिनिटांत सगळ्यांनी वाचलं.

लई दिवसांनी पोटभर जेवलो.

९ मे, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

वर्गात सगळे जमले. पालक भिंतीला टेकून उभे. सर उठले. "तेविसाव्याचं उत्तर चुकीचं होतं. बरोबर उत्तर राजा एच-एक. चूक माझी."

मागून सत्यम ओरडला, "तपासलं कुणी व्हतं, सर?"

शेवटच्या पानावर माझी सही. कान तापले.

"उत्तर मी लिहिलं होतं," सर म्हणाले. "मी चुकलो." माझ्याकडं बघितलं पण नाही.

मग पाकिटं फोडली. आधी सत्यमचं. तेवीस — राजा एच-एक. त्यावर लाल फुली. सरांनी फुली खोडली, बरोबरची खूण केली. पस्तीस.

मग स्वप्नालीचं. सर वाचायचे थांबले. पेपर पालकांकडं फिरवला, म्हणून मला पण दिसला. तिनं आधी लिहिलं होतं — राजा एच-एक. मग त्याच्यावर एक सरळ रेघ. आणि खाली नीट अक्षरात, हत्ती एच-सात.

वीस मिनिटं! वीस मिनिटं तिला खरं दिसत होतं, आणि शेवटी तिनं सरांनी वर्गात शिकवलेल्यावर विश्वास ठेवला.

कुणीतरी म्हणालं, खोडलेलं धरा की. सत्यमचे वडील म्हणाले, नियम काय सांगतो? नियम सरांनीच पेपरवर छापलेला. खोडलेलं उत्तर धरलं जाणार नाही. सरांनी लाल पेन उचललं. तेहतीस.

"रविवारचे डाव रद्द," सर म्हणाले.

सत्यम माझ्या खांद्यावर थाप मारून गेला. "थँक्यू बे, बशा." खरंच थँक्यू म्हणत होता. टोमणा असता तर त्याला हाणलं तरी असतं.

१० मे

इंजिन डिलीट केलं. संध्याकाळी परत टाकलं. त्याची काय चूक?

११ मे, रविवार

स्वप्नाली दुकानात आली. काका उठून बाहेर गेला. हातात जाड वही होती तिच्या, ती काउंटरवर ठेवली. "बसवेश, दोन आठवडे फोन बंद करून मी सत्यमचे डाव बघत व्हते. एकशे सोळा डाव. तो कुठं घाई करतो, कुठं फसतो, सगळं लिहिलंय यात. आज मी त्याला हरवणार व्हते. मी हरणार, हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही.