विसाव्या ओळीतली सही

प्रति,
मा. संचालक,
निवडणूक मंडळ, हॅरो काउंटी, ओहायो.

विषय : घरगुती वीजदरावर मर्यादा घालण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर यावा, या मागणीसाठी मी जमवलेला सह्यांचा कागद पूर्ण बाद न करण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ जुलैचे पत्र.

महोदय,

१. मी, व्हर्ना प्रॅथर, वय ७१. अग्निशमन केंद्रातल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात मी एकोणीस सह्या घेतल्या. विसावी माझे पती ऑर्व्हिल यांची, घरी येऊन. 'प्रत्येकाने माझ्यासमोर स्वहस्ते सही केली' असे कागदाखाली लिहून दिले. विसावी सही मी केलेली आहे. आपण बरोबर ओळखलेत.

२. ऑर्व्हिल एकतीस वर्षे कोळशाच्या खाणीत होते. छातीची वाट लागली, प्राणवायूचे यंत्र अहोरात्र लावलेले, हात थरथरणारे. चेक असो की नातवंडांची वाढदिवसाची कार्डे, त्यांची सही मीच करत आले. त्या दिवशीही म्हणाले, "विचारतेस काय? कर की! माझ्यापेक्षा तुझीच बरी येते." आमच्याकडे घरोघरी हेच चालते. हा गुन्हा आहे हे दोघांच्याही डोक्यात आले नाही.

३. एका सहीपायी वीसही बाद, आणि काउंटीची मागणी अकरा सह्यांनी अपुरी, असे आपण कळवता. उरलेल्या एकोणीस जणांनी मंडळाचे काय घोडे मारले आहे, ते कळवण्याची कृपा व्हावी. शेजारीण ग्लेना तोंडावर म्हणाली, "बुडवलंस गं आम्हाला!"

४. खुलाशासाठी पतीस २२ जुलै रोजी समक्ष हजर ठेवावे, असा आपला आदेश आहे. ते येऊ शकत नाहीत. "मीटर पळतंय गं, तासभर बंद ठेवू यंत्र," असे ते रोज म्हणत. मी करू देत नसे. २८ जून रोजी मी दुसऱ्या कागदासाठी दारोदार फिरत होते. घरी आले तेव्हा यंत्र बंद होते, पंखाही बंद होता. त्या दिवशी मी घरी राहायला हवे होते.

५. सबब, विसावी ओळ खोडावी, खटला भरायचा तो माझ्यावर भरावा, पण एकोणीस सह्या मोजाव्यात, ही विनंती.

कसूर कबूल असलेली, आपली नम्र,
व्हर्ना प्रॅथर
दि. १४ जुलै

सोबत :
१. आपले पत्र.
२. ऑर्व्हिल प्रॅथर यांचा मृत्यूचा दाखला. त्यावर पत्नी म्हणून केलेली सही माझ्याच नावाची आहे. हवी तर पडताळून घ्यावी.