एलुबे आजी आली की

३ जून
आज परत तेच! एलुबे आजी हिरवा एप्रन घालून हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर आली आणि पेशंटसाठी रांधणाऱ्या नातेवाइकांच्या शेडमधल्या सगळ्या बायका चिडीचूप. मक्याच्या पिठाचा न्सिमा चुलीवर करपायला लागला तरी कोणी हात लावेना. आजी ज्या चुलीपाशी थांबते, तिथल्या बाईचा वॉर्डातला माणूस गेलेला असतो. आज अगदी कडेच्या चुलीपाशी थांबली. मी सुटले—आणि सुटले म्हणून लाज वाटली.

बिचारी चर्चतर्फे फुकट राबते. पण वॉर्डातून तिला पाठवतात ते फक्त त्या एका निरोपासाठी. आमचे हे—लायमोनी—पुरुषांच्या वॉर्डात आहेत. पोटाचं ऑपरेशन झालंय, जखम भरत नाही. आम्हा बायकांना जेवणाच्या वेळेपुरतंच आत सोडतात. एरवी आत काय चाललंय, देव जाणे.

५ जून
ब्लांटायर शहरातल्या कॉलेजातून दोन विद्यार्थी आलेत, वेझी आणि लिंबानी. हॉस्पिटल, पेशंट, आम्ही—सगळ्यांमधलं बोलणं सुधारणार म्हणे! लिंबानीने शेडमध्ये भोंगा बसवला. पहिलं नाव पुकारलं आणि ती बाई जागच्या जागी कोसळली. तिच्या नवऱ्याला नुसते पायमोजे हवे होते!

मी म्हटलं, "बाबा रे, आजी निदान चालत तरी येते. तुझा भोंगा तर थेट आभाळातून येतो." पोरगं असं ओशाळलं! दिवस मावळायच्या आत भोंगा खाली उतरवला. चूक कळली की धरून बसत नाही, हे आवडलं मला.

९ जून
चिपेरोनीच्या गार वाऱ्याची झिमझिम सुटलीय, ऐन हिवाळ्यातल्या गारठ्याने बोटं वाकत नाहीत. तरी ही दोघं आमच्यात बसून कांदे चिरतात. वेझीने विचारलं, "काकू, आजी आली की तुम्ही सगळ्या गप्प का होता?" सांगितलं तिला. तिने कांदा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे आजीची चूकच नाही. आपण तिला कधी दुसऱ्या कामाला पाठवतच नाही."

"आपण" म्हणाली! आठवडासुद्धा झाला नाही हिला इथे येऊन.

१२ जून
आजपासून आजी रोज येणार, सकाळच्या राउंडनंतर, प्रत्येक चुलीपाशी. ताप उतरला, दूध प्यायले, सुनेची आठवण काढतायत—असलं सगळं सांगत. नर्सेस कुरकुरल्या, "आधीच हात पुरत नाहीत!" तर पोरं स्वतःच आजीला घेऊन खाटेखाटेशी गेली.

आजी माझ्यापाशी आली तेव्हा मी डोळे घट्ट मिटले. ती म्हणाली, "नवरा म्हणतोय, पेजेत मीठ कमी पडलं."

इतकी हसले! मग रडले.

१६ जून
निरोप आता इकडूनही जातात. मी कळवलं, "मीठ महागलंय. आधी बरे व्हा." ह्यांचं उत्तर—"मग गोड बोल, ते फुकट आहे." लग्न झाल्यापासून हा माणूस इतकं कधी बोलला नव्हता! आजीला आता चुलीचुलीवर चहा मिळतो. आत सोडा म्हणून फाटकावर रोज चालायची ती हुज्जत थांबली, म्हणून नर्सेसही खूश.

१९ जून
ह्यांना परत ताप. आजीने तोंडावर सांगितलं, लपवलं नाही.

वेझी आणि मेट्रनबाईंची चांगलीच जुंपली. फाटकापर्यंत ऐकू येत होतं. "माणूस गेल्यावर बायकोला बोलावता, मग जाताना का नाही?"
"वॉर्डात आकांत होतो! बाकीच्या पेशंटनी काय करायचं?"
"काकूंनाच विचारा ना."

बाई खरंच बाहेर आल्या आणि मला विचारलं. मी म्हटलं, "मी आवाज नाही करणार. फक्त बसेन."  मग म्हणाल्या, "बरं. बोलावू." त्यांनाही मानलं पाहिजे—सगळ्यांसमोर आपला नियम मोडणं सोपं नाही. वेझीला तर कुशीत घ्यावंसं वाटलं, पण हाताला कांद्याचा वास होता.

२२ जून
आजी आज राउंडच्या आधीच आली, जवळजवळ पळत. म्हणाली, "चल लवकर, अजून आहेत."

हात गरम होता. मला ओळखलं. दुपारी गेले. मी तिथे होते.